पंचविसावी पट्टी

बागबाजार, कलकत्ता
९ ऑगस्ट १९७०

ती. बाबांस,
वृंदाचा साष्टांग नमस्कार.

तुमची तक्रार पोचली. निवृत्त होऊन चौदा महिने झाले, साताऱ्याच्या घरातली सगळी कुरकुरणारी दारं दुरुस्त करून झाली, आणि आता आई म्हणते की माझ्या डब्यांवर लेबलं लावत स्वयंपाकघरात फिरू नका. म्हणून तुमच्यासाठी काम शोधलं आहे. हसू नका, खरोखरीचं काम आहे.

मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळायची चाळणी, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या पेशी स्वतःही काहीबाही तयार करून बाहेर सोडतात. त्यातल्या एका पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनाच्या अगदी लहानशा तुकड्याच्या, मी दोन वर्षं मागे आहे. ते सुटलं की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. पण ते किती सोडायचं, हे पेशीला कोण सांगतं? माझा अंदाज असा की मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, तिचं हार्मोन सांगतं. हे अजून कुणी दाखवलेलं नाही. मला दाखवायचं आहे.

करतो ते असं. उंदराच्या मूत्रपिंडाच्या पातळ चकत्या दोन बाटल्यांत ठेवायच्या. एकीत हार्मोन घालायचं, दुसरीत नाही. दोन तासांनी त्यातलं पाणी गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर सोडायचं. पाण्यात पेप्टाइड जितकं जास्त, तितकं आतडं जोरात आकसतं. आतड्याला दोरा, दोऱ्याला काडी, आणि काडीचं टोक फिरत्या ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ ओढतं. मग तो कागद लाखेच्या पाण्यात बुडवून वाळवायचा आणि पट्ट्या कापायच्या. रेघ किती मिलिमीटर चढली ते मोजलं की झालं.

अडतं ते तिथेच. आमच्या डॉ. लाहिरींचा नियम आहे की ज्याने बाटली भरली त्याने पट्टी मोजायची नाही. ते म्हणतात, माणसाला जे हवं असतं ते त्याला अर्धा मिलिमीटर जास्त दिसतं. म्हणून माझी सोबतीण लीना पट्ट्या उलटसुलट करून मागे नंबर घालते, कोणता नंबर कोणत्या बाटलीचा ते एका पाकिटात लिहून पाकीट लाखेने बंद करते, आणि पट्ट्या जातात तिसऱ्याच माणसाकडे. तो आमचा तिसरा माणूस दिल्लीला बदलून गेला. मी डॉक्टरांना म्हटलं, माझ्या वडिलांनी सरकारी नकाशे काढण्यात चौतीस वर्षं घालवली आहेत. ते म्हणाले, मग आणखी काय हवं?

कराल ना?

तुमची वृंदा


सातारा
२० ऑगस्ट १९७०

चि. वृंदास अनेक आशीर्वाद.

पट्ट्या पाठव. जर्मन डिव्हायडर पेटीतून काढला, तेल दिलं, टोकांना धार लावली. तुझ्या आईने विचारलं, कुणाला टोचायला निघालात?

तुझ्या डॉक्टरांना सांग की अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट भालचंद्र गद्र्याला सांगू नये. आमच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे एखाद्याचं शेत शेजाऱ्याकडे जाई. मी पद्धत ठरवली आहे. डिव्हायडरचं एक टोक रेघेच्या पायाशी टेकवायचं, दुसरं शेंड्याला, दोन्हीकडे बारीक टोचायचं, मग मोजपट्टीवर धरून वाचायचं आणि लगेच वहीत उतरवायचं. तोंडाने पुटपुटत मोजणारे लोक चुकतात.

लीना म्हणजे हाजरा रोडच्या देवधरांची मुलगी ना? तिचं मराठी सुधारलं का? आमच्या तिथल्या शेवटच्या गणपतीत तिने मला 'काका, तुम्ही खूप भालो दिसता' असं म्हटलं होतं.

आता एक गंभीर. वर्तमानपत्रात कलकत्त्याच्या बातम्या रोज येतात. बॉम्ब, भोसकाभोसकी, बंद. आपण बागबाजारात बावीस वर्षं काढली. मराठ्यांना अडवायला इंग्रजांनी खणलेल्या खंदकाच्या तोंडाशीच मराठ्याने भाड्याने राहायचं, यावर मी किती वेळा हसवलं असेल तुला! तेव्हा भीती अशी वाटली नाही. आता वाटते. तू तिथे एका खोलीत एकटी. तुझी आई दमा घेऊन उशीला टेकून बसलेली असते आणि पोस्टमनची वाट बघते. खरं काय ते लिहीत जा. तुझ्या पत्रावाचून आम्हाला तिथलं कळायला दुसरा डोळा नाही.

भालचंद्र


बागबाजार, कलकत्ता
१८ ऑक्टोबर १९७०

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, ते सांगतं! हार्मोन पेशीला सांगतं!

पहिल्या चोवीस पट्ट्यांचे आकडे परवा मिळाले. डॉक्टरांनी एवढ्यांचंच पाकीट उघडायला परवानगी दिली. लीना नंबर वाचत होती, मी तुमच्या कागदावरून आकडा सांगत होते, डॉक्टर दोन रकाने लिहीत होते. हार्मोनच्या बाटल्या: सरासरी शेहेचाळीस मिलिमीटर. बिनहार्मोनच्या: अडतीस. डॉक्टरांनी बेरीज स्वतः पुन्हा केली. मग लीनाला म्हणाले, 'हिच्या बापाचं अक्षर बघा, छापल्यासारखं आहे.' त्यांच्याकडून एवढी स्तुती म्हणजे पुष्कळ.

अर्थात चोवीस पट्ट्या म्हणजे काहीच नाही. निदान ऐंशी हव्यात. तेवढ्यांत हेच निघालं तर मार्चनंतर माझी नेमणूक कायम होईल, आणि पेपरावर पहिलं नाव माझं असेल. मी डोळ्यांनी रोज बघते आहे बाबा, रेघ चढते. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, तुमच्या डिव्हायडरवर ठेवायचा.

आईला सांगा, माझी नखं काळी आहेत ती काजळीने, अन्न न खाल्ल्याने नाही.

इथे सगळं शांत आहे. मी खुशाल आहे.

वृंदा


बागबाजार, कलकत्ता
२२ नोव्हेंबर १९७०

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

फोर्ट विल्यममधले मेजर श्यामराव घोरपडे काल येऊन गेले. आईने पाठवलेलं मेतकूट, कुळथाचं पीठ आणि लोकरीचा स्वेटर पोचला. स्वेटर पाहून लीना म्हणाली, 'वृंदादी, हे घालून तू हिमालयात जा, इकडे डिसेंबरात पण घाम येते.' आईला यातलं काही सांगू नका.

श्यामराव येत्या आठवड्यात रजेवर साताऱ्याला येत आहेत. पंचवीस ते छप्पन्न नंबरच्या पट्ट्या त्यांच्याबरोबर देते, टपालापेक्षा ते बरं. पुठ्ठ्यांमध्ये बांधल्या आहेत. ओल लागू देऊ नका.

घाईत आहे. इथे सगळं शांत आहे. मी खुशाल आहे.

वृंदा


सातारा
९ डिसेंबर १९७०

चि. वृंदास आशीर्वाद.

श्यामराव येऊन गेले. पट्ट्या कोरड्या पोचल्या. चहाला थांबले, पण फारसं बोलले नाहीत. मी त्यांना सोडायला चौकापर्यंत गेलो होतो.

पंचवीस ते छप्पन्नचे आकडे सोबत आहेत.

संक्रांतीला येतेस का? आईला बरं वाटेल. मलाही. तुझी तब्येत कशी आहे, तेवढं लिही. सविस्तर लिही.

भालचंद्र


बागबाजार, कलकत्ता
१४ फेब्रुवारी १९७१

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला येऊ शकले नाही, रागावू नका. तब्येत उत्तम. मध्ये प्रयोगशाळेत एक बाटली फुटून कपाळाला जरासं लागलं होतं, ते बरं झालं.

बातमी चांगली नाही. तुमच्या बत्तीस आकड्यांचं पाकीट उघडलं. हार्मोनच्या बाटल्या बेचाळीस, बिनहार्मोनच्या एक्केचाळीस. म्हणजे काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या चोवीस पट्ट्या हे नशीब होतं, असं होतं. मी म्हटलं, पण रेघ चढताना मी बघितली आहे. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, 'म्हणून तर तुम्हाला मोजायला दिलं नाही.' खोलीत दोन विद्यार्थी होते. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटच्या चोवीस पट्ट्या रजिस्टर टपालाने पाठवते आहे. सगळं यांच्यावर आहे. बाबा, मोजताना दिवसा उजेडात बसा, दमला असाल तर दुसऱ्या दिवशी मोजा. मी तुम्हाला असं सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

वृंदा


सातारा
२ मार्च १९७१

चि. वृंदास आशीर्वाद.

आकडे सोबत.

पोरी, काही गोष्टी होत नाहीत. त्यात कमीपणा नाही. इथे कन्याशाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा आहे, मुख्याध्यापिका तुझ्या आईच्या ओळखीच्या आहेत. मी शब्द टाकलेला नाही, नुसतं विचारून ठेवलं आहे.

तुझ्या पट्ट्या मी ट्रंकेत नीट ठेवल्या आहेत.

भालचंद्र


बागबाजार, कलकत्ता
४ एप्रिल १९७१

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

संपलं. शेवटच्या चोवीसमध्येही फरक नाही. डॉक्टरांनी माझ्या फाइलमध्ये शेरा लिहिला, तो त्यांनी मला वाचूनही दाखवला. 'मोजमापांतून निष्कर्ष सिद्ध होत नाही. उमेदवाराचा कल स्वतःला हवं ते पाहण्याकडे आहे.' मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते मलाही नीट कळलं नाही, पण मागितली.

खोली सोडते आहे. सोळा तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. लीना हावड्याला पोचवायला येणार आहे आणि आतापासूनच रडते आहे.

तुम्हाला या सगळ्यात किती शिणवलं. एक मात्र मनापासून लिहिते: तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर मुलीचं मन राखायला दोन मिलिमीटर इकडचे तिकडे केले असते. तुम्ही केले नाहीत. तुम्ही निदान मला खरं तरी सांगितलंत.

वृंदा


हाजरा रोड, कलकत्ता
१७ नोव्हेंबर १९७४

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. साडेतीन वर्षांनी हे शहर बघते आहे. लीनाच्या लग्नाची घरात धांदल आहे. हळदीला देवधरांकडचे मराठी आणि तिच्या सासरचे बंगाली यांचं उलू, म्हणजे बायका शुभकार्यात जिभेने काढतात तो आवाज, आणि मंगलाष्टकं यांवरून प्रेमाचं भांडण झालं. आई असती तर तिला फार मजा वाटली असती. गणपतीलाही घरात तिची जागा रिकामी होती आणि इथेही मी प्रत्येक गोष्ट तिला सांगायची म्हणून लक्षात ठेवते आहे. फेब्रुवारीत वर्ष होईल, पण सवय जात नाही.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. परवा लीनाबरोबर संस्थेच्या लायब्ररीत गेले होते. सहज एक परदेशी नियतकालिक चाळलं. बाबा, त्यात आहे. तीच ग्रंथी, तेच हार्मोन, मूत्रपिंडाच्या त्याच पेशी. हार्मोन दिलं की सोडलेलं पेप्टाइड वाढतं. त्यांनी माझ्यासारखं काजळीच्या कागदावर केलेलं नाही, त्यांची यंत्रं वेगळी आहेत. पण निघालं आहे ते तेच, जे मला पहिल्या चोवीस पट्ट्यांत दिसलं होतं आणि पुढच्या छप्पन्नात दिसलं नाही.

मी तिथेच बाकावर बसले. लीना पाणी घेऊन आली.

मग मला का नाही दिसलं? चकत्या खराब होत्या? हार्मोन शिळं होतं? लीनाकडे नंबरांची पाकिटं अजून आहेत. तुमच्या ट्रंकेतल्या पट्ट्या मला रजिस्टर टपालाने पाठवाल? ऐंशीच्या ऐंशी. माझी शाळेची रजा वाढवायची तार मी आजच करते आहे. मला फक्त माझी चूक शोधायची आहे.

वृंदा


सातारा
२८ नोव्हेंबर १९७४

चि. वृंदास आशीर्वाद.

पट्ट्या मागितल्यास म्हणून पाठवतो आहे. पण बाळ, झालं गेलं उकरून काय मिळणार? परदेशातल्या लोकांनी छापलं, आता ते त्यांचं. मुलींची दुसरी सहामाही सुरू झाली आहे. मुख्याध्यापिका विचारत होत्या.

शिवाय त्या वेळी माझा चष्मा बदलायला झाला होता. पुढे एप्रिलात नंबर वाढला, तुला आठवत असेल. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला असेल, तर त्या म्हाताऱ्या डोळ्यांचा दोष. मनाला लावून घेऊ नकोस.

लवकर ये. घर फार मोठं वाटतं.

भालचंद्र


हाजरा रोड, कलकत्ता
१५ डिसेंबर १९७४

ती. बाबांस,

पट्ट्या पोचल्या.

मी त्या लीनाच्या गच्चीत उन्हात घेऊन बसले. काजळीचा कागद उन्हाकडे धरला की त्यातून काही दिसत नाही, तो काळाच राहतो. तुमच्या पट्ट्या धरल्या तर प्रत्येकीत उजेडाचे दोन ठिपके दिसले. एक रेघेच्या पायाशी, एक शेंड्याला. तुम्ही लिहिलं होतं तसं, डिव्हायडरने टोचलेले. इतके बारीक आणि इतके नेमके की मी भिंग लावून तपासलं. एकही ठिपका शेंड्याच्या केसभर वर नाही की खाली नाही.

चष्मा जुना असलेल्या माणसाला असं टोचता येत नाही बाबा.

मग मी ठिपक्याला ठिपका लावून अंतर मोजायला घेतलं आणि लीनाने जपलेले तुमच्या जुन्या आकड्यांचे कागद शेजारी ठेवले. पहिली पट्टी: ठिपक्यांतलं अंतर सत्तेचाळीस, तुमचा आकडा सत्तेचाळीस. दुसरी: अडतीस, अडतीस. चोविसाव्यापर्यंत एकाही आकड्यात फरक नाही. मला वाटलं, मी उगाच संशय घेतला. लाज वाटली. आणि पंचविसावी पट्टी. ठिपक्यांत अठ्ठेचाळीस, कागदावर त्रेचाळीस. सव्विसावी: ठिपक्यांत सदतीस, कागदावर एक्केचाळीस.

पुढे शेवटपर्यंत तेच. उंच असेल ती खाली, बुटकी असेल ती वर. कोणती बाटली कुठली हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही नव्हती. सगळ्या मधल्या उंचीवर आणून ठेवल्या की फरक आपोआप मरतो. चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला हे सुचायला काय वेळ लागणार?

लीनाने नंबरांची पाकिटं पुन्हा काढली. तुमच्याच ठिपक्यांवरून ऐंशी पट्ट्यांची सरासरी काढली. हार्मोनच्या पंचेचाळीस, बिनहार्मोनच्या अडतीस. माझी चकती खराब नव्हती, हार्मोन शिळं नव्हतं आणि माझे डोळेही खोटं बघत नव्हते.

तुमच्या हाताला खोटं टोचता आलं नाही, म्हणून आधी खरं टोचलंत आणि मग शेजारी बसून खोटं लिहिलंत. छप्पन्न वेळा. त्यातल्या एकाही वेळी तुम्हाला माझी आठवण झाली नाही? मी त्या माणसासमोर उभी राहून माफी मागितली. साताऱ्यात तीन वर्षं मुलींना फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढून दाखवताना मला वाटायचं, मी वेडी आहे, मला नसलेलं दिसतं. आणि त्या सगळ्या पट्ट्या माझ्याच खाटेखालच्या ट्रंकेत होत्या!

का? एवढंच विचारते.

वृंदा


सातारा
२७ डिसेंबर १९७४

चि. वृंदास,

तू विचारलंस म्हणून सांगतो. आता लपवण्यात अर्थ नाही.

१९७० च्या नोव्हेंबरअखेर श्यामराव आले तेव्हा मी त्यांना चौकापर्यंत सोडायला गेलो. तिथे त्यांनी सांगितलं. ते बागबाजारात आले त्याच्या आदल्या सकाळी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी बॉम्ब फुटला होता. तुझ्या खिडकीची काच आत आली, तुझ्या कपाळाला सात टाके पडले, डोळा थोडक्यात वाचला. रस्त्यावर एक माणूस मेला. श्यामराव म्हणाले, तुम्हाला सांगू नका म्हणून वृंदाने मला शपथ घातली आहे. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी लिहिलेल्या तुझ्या पत्रात लिहिलेलं होतं: इथे सगळं शांत आहे, मी खुशाल आहे.

खोटं आधी तू लिहिलंस, वृंदा.

मी तुझ्या पत्रांवर विसंबून होतो. त्या दिवसापासून तुझी खुशाली मला वाचता येईना. पत्र आलं की वाटे, यात काय गाळलंय? 'ये' म्हटलं असतं तर तू आली असतीस का? कायम नेमणूक झाली असती तर तू तिथेच राहिली असतीस. माझ्या हातात तुला थांबवायला दुसरं काही नव्हतं. होता तो डिव्हायडर.

पंचविसावी पट्टी मी दोनदा टोचली, दोन्ही वेळा त्याच जागी. खोटं टोचून बघावं असं मनात होतं, ते झालं नाही. मग आकडा बदलला. पहिला खोटा आकडा लिहायला अख्खी संध्याकाळ लागली. नंतरच्यांना वेळ लागला नाही, हेही खरंच सांगतो.

तू आलीस. तुझ्या आईला तिची शेवटची अडीच-तीन वर्षं तू डोळ्यांसमोर मिळालीस. दम्याच्या झटक्यात ती तुझा हात धरायची. हे मी काही चूक केलं म्हणून मिळालं असेल, तर ती चूक मी पुन्हा करीन की काय, ते मला आज सांगता येत नाही. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तू जिवंत आहेस. बापाने एवढंच मोजलं.

भालचंद्र


हाजरा रोड, कलकत्ता
५ जानेवारी १९७५

बाबा,

मी खोटं लिहिलं. तुम्हाला आणि आईला झोप लागावी म्हणून एक ओळ खोटी लिहिली. त्याबद्दल तुम्ही मला विचारायला हवं होतंत, रागवायला हवं होतंत, गाडीत बसून इथे येऊन माझा कान धरायला हवा होतात. मी भांडले असते. कदाचित हरलेही असते. पण मी माझ्या पायांनी आले असते. तुम्ही मला माझ्याच नजरेतून उतरवून आणलंत.

घरी आल्यावर तुम्ही माझ्या कपाळावरचा व्रण रोज बघत होतात. मी सांगितलं की बाटली फुटली, तुम्ही म्हणालात, हो का. तीन वर्षं आपण दोघं त्या एका व्रणावरून एकमेकांशी खोटं बोलत चहा पीत होतो.

आईला मध्ये आणू नका. तिचा हात मी धरला तो माझा. तो तुमच्या बाजूच्या पारड्यात टाकायचा नाही.

आता एकच मागते. पेपर गेला तो गेला, तो मला कुणी परत देणार नाही. पण माझ्या फाइलमध्ये ती ओळ अजून आहे. डॉ. लाहिरी या मार्चमध्ये निवृत्त होतात. त्यांना तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा. पंचविसाव्यापासून तुम्ही काय केलं, ते इंग्रजीत, सहीनिशी. ऐंशी खरे आकडे सोबत द्या. तुमचं नाव मोठं आहे हे मला माहीत आहे. नकाशाच्या कचेरीत अजून तुमच्या अक्षराचे दाखले देतात. माझंही एक नाव होतं. ते पुसताना तुम्ही मला विचारलं नव्हतं.

वृंदा


सातारा
२२ जानेवारी १९७५

चि. वृंदास,

पत्र आल्यावर सहा दिवस काही केलं नाही. दोन वेळा उत्तर लिहिलं की हे मला जमणार नाही, म्हाताऱ्या माणसाचं एवढं एक राहू दे. दोन्ही फाडली.

सोबत डॉक्टरांच्या नावे निवेदन आहे. दोन पानं. दुसऱ्या पानावर ऐंशी आकडे. त्यांसाठी तुझ्याकडून पट्ट्या परत मागवाव्या लागल्या नाहीत, वहीत उजव्या बाजूला खरे आकडे तेव्हाच लिहून ठेवले होते. का ठेवले होते ते मला विचारू नकोस. खाली सही केली आहे आणि हुद्दा लिहिला आहे. हुद्दा लिहिताना थांबलो, मग लिहिला.

डिव्हायडरही पाठवतो आहे. मला आता तो लागणार नाही.

तू परत येशील का, हे विचारायचा हक्क मी ठेवलेला नाही. तरी विचारतो.

भालचंद्र


बागबाजार, कलकत्ता
९ फेब्रुवारी १९७५

बाबा,

निवेदन मिळालं. मंगळवारी डॉक्टरांना नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्चीत बसले. दुसरं पान त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं होतं. म्हणाले, 'अक्षर तसंच आहे.' मग फाइल मागवली, तो शेरा खोडला आणि बाजूला तारीख घालून सही केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'माफी मला मागायला हवी.' मागितली नाही, पण म्हणाले.

तात्पुरती जागा मिळाली आहे, मदतनिसाची. वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुन्हा कागदाला काजळी धरते आहे. शाळेला राजीनामा पाठवला. बागबाजारातली जुनी खोली रिकामी नव्हती, त्याच गल्लीत पुढे एक मिळाली. साताऱ्याला राहायला येणार नाही. आईच्या वर्षश्राद्धाला येईन, आणि त्याच दिवशी परत निघेन.

डिव्हायडर ठेवून घेतला आहे. त्याचा काही दोष नाही. माझ्या पट्ट्या आता लीनाचे यजमान मोजतात. ते माझे कुणी नाहीत, आणि त्यांना मी इथे राहिले काय, गेले काय, सारखंच. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

तुमच्यावर रागावले आहे का, असं लीना रोज विचारते. राग असता तर उतरला असता. मला दुसरंच होतं. परवा ड्रमवर रेघ सरसर चढली, तेव्हा माझ्या मनात आलं ते असं की हे बाबांना लिहू. मग आठवलं. प्रत्येक वेळी नव्याने आठवतं, हे त्यातलं वाईट.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझं कार्ड येईल. चुकणार नाही. त्यावर एवढंच असेल: इथे सगळं शांत आहे, मी खुशाल आहे. ते किती खरं, ते तुम्ही मोजा.

वृंदा